श्रीमंतांची जिरवणाऱ्या उभ्या मालिका : काही महिने बघितल्यानंतर

उभ्या मालिका दाखवणाऱ्या या अ‍ॅपांबद्दल कुणीही लिहायला बसलं की आधी कॉइनच्या, म्हणजे भाग उघडायला लागणाऱ्या अ‍ॅपमधल्या नाण्यांच्या, नावाने बोटं मोडतं. मीही मोडणार आहे, पण जरा दमाने. आधी मालिकांबद्दल बोलू. काही महिने जवळपास रोज रात्री बघून झाल्यावर माझं मत असं झालंय की अ‍ॅपची पैसे काढायची पद्धत आणि पडद्यावरचा पाणउतारा या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

ज्यांच्या फोनवर हे प्रकरण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोन उभा धरून बघायच्या या मालिका. एक भाग एक-दोन मिनिटांचा, मालिकेत साधारण साठ ते शंभर भाग, म्हणजे सगळं जोडलं तर एका सिनेमाएवढं. प्रकार बरेच आहेत, पण मी अडकले ते श्रीमंत घरांच्या मालिकांत. तिथलं सूत्र एका वाक्यात मावतं : चारचौघांत कुणाची तरी लायकी काढली जाते आणि मग कळतं की जिची काढली तीच सगळ्यांची मालकीण.

हे सूत्र कुठल्याही नात्यात बसवता येतं. सासरी भांडी घासणारा घरजावई खरा सर्वात मोठ्या घराण्याचा वारस निघतो. करारावर लग्न केलेली मुलगी घटस्फोटाच्या कागदावर सही करून निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच नवऱ्याची कंपनी विकत घ्यायला येते. लहानपणी हरवलेली खरी मुलगी बंगल्यावर परत येते, पण तिची जागा घेतलेली तोतया लेक तिला मोलकरणीच्या खोलीत झोपवते. कंपनीचा म्हातारा अध्यक्ष झाडूवाल्याच्या कपड्यांत स्वतःच्याच इमारतीत शिरतो आणि कोण कसं वागतं ते बघून ठेवतो. शेवटचा प्रकार मला सर्वात आवडतो, कारण त्यात प्रेमकथेचं लोढणं नसतं.

एक प्रसंग जवळून सांगते, म्हणजे हे कसं चालतं ते कळेल. घरातल्या आजीचा वाढदिवस, मोठा हॉल, पाहुणे. धाकट्या सुनेने भेट म्हणून जुनी लाकडी पेटी आणलीय. थोरली जाऊ ती पेटी सगळ्यांना दाखवत फिरवते, हसते, आणि बोलता बोलता हातातली वाइन धाकटीच्या गळ्यावर ओतते. सावकाश ओतते, फेकत नाही. कॅमेरा ग्लासवर नसून धाकटीच्या मानेवर आहे. वाइन गळपट्टीत मुरते, तिथून खाली गालिच्यावर टपकते. सासू म्हणते, "गालिचा खराब झाला. पूस." धाकटी गुडघ्यावर बसून स्वतःच्याच ओढणीने पुसायला लागते. एवढ्यात दार उघडतं. ज्याच्यासाठी सगळा समारंभ खोळंबलाय तो बडा बँकवाला आत येतो, सगळे वाकतात, तो कुणाकडेही न बघता सरळ गालिच्यापाशी येऊन थांबतो. भाग संपला.

पुढच्या भागात तो कोट काढून त्या ओल्या जागेवर गुडघे टेकतो आणि म्हणतो, "मॅडम, मला यायला उशीर झाला." आता सासूचा चेहरा येणार हे आपल्याला माहीत असतं, आणि येतोही. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, सासूचं पाऊल दिसतं. ओल्या डागापासून ती ते हळूच मागे घेते. तोवर तिला काही कळलेलं नाही, पण पायाला कळलंय. त्या बाईंचं नाव श्रेयनामावलीत शोधलं तर श्रेयनामावलीच नव्हती. असल्या मालिकांत इतका नेमका अभिनय सापडतो आणि तो कुणाचा हे कळायची सोय नसते.

असे प्रसंग लागोपाठ बघितल्यावर काही गोष्टी लक्षात यायला लागतात. पहिली म्हणजे, इथे एकांतात अपमान होतच नाही. बंद खोलीत कुणी कुणाला काही बोललं तर ती फक्त माहिती असते. पाणउतारा मोजला जायला माणसं लागतात : पाहुणे, नोकर, दुकानातल्या विक्रेत्या, लिलावाला आलेले शेठ, फोन काढून शूटिंग करणारी एक चुलत बहीण. आणि सत्ता फिरते तीही याच लोकांसमोर फिरावी लागते. खरी वारस कोण हे नायिकेला पहिल्या भागापासून ठाऊक असतं, बऱ्याचदा एका वकिलाला आणि आजोबांनाही ठाऊक असतं. तरी काही बदलत नाही. हॉलमधल्या त्या अनोळखी वीस माणसांना कळलं की मगच जग उलटतं. म्हणून या मालिकांत गर्दी हेच खरं न्यायालय आहे, आणि ते इतकं भिकार न्यायालय आहे की मिनिटाभरापूर्वी "हाकला हिला" म्हणणारे तेच लोक "आम्हाला वाटलंच होतं" म्हणायला लागतात. दिग्दर्शकांना यातली गंमत कळते की नाही कोण जाणे, पण ती पडद्यावर मात्र येते.

दुसरं लक्षात येतं ते शरीरांचं. पैसा दाखवणं अवघड आणि खर्चिक, मग सत्ता उठण्या-बसण्यातून दाखवली जाते. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण आल्यावर कोण उठलं, कोणाचा हात हवेत राहिला. इथे उभ्या पडद्याचा मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे. नऊ बाय सोळाच्या चौकटीत दोन माणसं शेजारी-शेजारी नीट मावत नाहीत. बरोबरीच्या माणसांचं बोलणं दाखवायचं तर आलटून पालटून चेहरे दाखवावे लागतात. पण एक उभा आणि एक गुडघ्यावर, हे चित्र त्या चौकटीत इतकं चपखल बसतं की ती त्यासाठीच कापलीय असं वाटावं. वर हनुवटी आणि कानातले हिरे, खाली वाकलेलं डोकं. सिनेमाच्या आडव्या पडद्यावर हाच प्रसंग इतका गुदमरवणारा होणार नाही. कडेला रिकामी जागा उरेल, नजर तिकडे पळेल. इथे नजरेला पळायला जागाच नाही.

तिसरी गोष्ट उतरंडीची. अपमान करणारे एकदम वरून येत नाहीत. आधी विक्रेती, मग तिची मॅनेजर, मग नणंद, सासू, मग सासूपेक्षा श्रीमंत विहीण. प्रत्येकीला नायिकेबद्दल थोडं कमीच माहीत असतं आणि प्रत्येकीचा माज तेवढाच जास्त असतो. एकीची जिरली की वरची येते. या उतरंडीत एक पात्र कायम असतं, मोठ्या साहेबांचा सहायक. काळा सूट, कानात यंत्र, धावत येतो आणि कमरेत वाकतो. संवाद जवळपास नाहीतच, पण सत्ता कुठे आहे हे दाखवणारा काटा तोच. तो कुणासमोर वाकतो ते बघितलं की पुढचे दहा भाग कळले.

आता पैशांकडे येऊ. विनामूल्य भाग साधारण दहाच्या आसपास संपतात आणि कुलूप येतं. हे कुलूप कुठे घालायचं याचं शास्त्र आहे, आणि ते कथेच्या लेखनापासूनच सुरू होतं. थोबाडीत मारायला हात उचललाय, किंवा दार उघडलंय पण कोण आलं ते दिसत नाही, किंवा डीएनए चाचणीचा लिफाफा फाटलाय पण कागद बाहेर आलेला नाही. तोवर तुम्ही दहा भाग त्या मुलीबरोबर मान खाली घालून काढलेले असतात. तिची बाजू घेऊन तुमचंच डोकं तापलेलं असतं. त्या क्षणी अ‍ॅप तुम्हाला गोष्टीचा पुढचा भाग विकत नाही, तुमच्या डोक्याला थंडावा विकतं. खाजकुयली लावणारा आणि मलम विकणारा एकच, असा सगळा मामला.

आणि मलम पुरत नाही, ही खरी मेख. पैसे भरून पुढे गेलं की ज्या सूडाची वाट बघितली तो अर्ध्या मिनिटात आटोपतो. सासू "मला माफ कर" म्हणते, रक्षक तिला ओढून नेतात, आणि त्याच भागाच्या शेवटी नवी कुणीतरी आत येऊन म्हणते, "ही भिकारडी इथे काय करतेय?" पुन्हा पहिल्यापासून. अपमानाला प्रेमाने वेळ दिलेला असतो, क्लोज-अप असतात, सावकाश ओतलेली वाइन असते. सूड मात्र उरकलेला. मला वाटायचं लेखकांना सूड लिहिता येत नाही. आता वाटतं येत असेल, पण पोटभर सूड दिला तर माणूस जेवून उठेल. उपाशी ठेवलेला गिऱ्हाईकच पुढचं कुलूप उघडतो.

याच संदर्भात महाभारतातला विराटाचा दरबार आठवतो. अज्ञातवासात युधिष्ठिर कंक बनून विराटाच्या पदरी आहे. विराट आपल्या मुलाच्या पराक्रमाचं कौतुक करतो, कंक मात्र बृहन्नडेचं श्रेय सांगत राहतो, तेव्हा विराट चिडून हातातले फासे त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येतं. लपवलेली ओळख, भरल्या घरात अपमान, थोड्याच दिवसांत पांडव राजासनांवर बसून ओळख उघड करतात; एका उभ्या मालिकेला लागणारा सगळा ऐवज इथे आहे. पण युधिष्ठिर काय करतो? रक्त जमिनीवर पडू नये म्हणून ओंजळीत धरतो, सैरंध्री पात्र आणते. ते रक्त खाली सांडलं असतं किंवा अर्जुनाने बघितलं असतं तर विराटाचा नाश झाला असता. म्हणजे अपमान झालेला माणूस अपमान करणाऱ्यालाच वाचवतोय! शेकडो भाग बघितले, अशा वागण्याच्या जवळपास जाणारं पात्र मला एकही भेटलं नाही. भेटणारही नाही, कारण त्याने कुलूप उघडत नाही.

हे सगळं आलं कुठून ते थोडं सांगते, कारण ते माहीत असलं की बघताना मजा वाढते. उगम चीनचा. तिथे इंटरनेटवरच्या कादंबऱ्या प्रकरणागणिक पैसे भरून वाचायची सवय आधीपासून होती. घरजावयाचा सूड, पुनर्जन्म घेऊन केलेला सूड, हुकूमशहा छापाचा तरुण कंपनी-अध्यक्ष हे साचे तिथेच घडले. फोनवरच्या व्हिडिओंनी ते उचलले. 2024 मध्ये चीनमध्ये या लघुमालिकांची उलाढाल सुमारे 50.4 अब्ज युआन झाली आणि त्याच वर्षी तिथल्या सिनेमागृहांचा गल्ला सुमारे 42.5 अब्ज होता. सिनेमाला मागे टाकलं, तेही फोनवर दीड मिनिटात. गंमत म्हणजे अमेरिकेत हाच घास आधी घेऊन झाला होता. हॉलिवूडच्या मोठ्या नावांनी 1.75 अब्ज डॉलर उभे करून क्वीबी नावाची छोट्या भागांची सेवा एप्रिल 2020 मध्ये काढली आणि त्याच वर्षाअखेर गाशा गुंडाळला. त्यांच्याकडे नामवंत नट होते, चकचकीत निर्मिती होती. माझ्या मते नव्हती ती ही भूक. कॅलिफोर्नियातल्या क्रेझी मेपल स्टुडिओने 2022 मध्ये रीलशॉर्ट आणलं ते चिनी साचे घेऊन, गोरे चेहरे आणि इंग्रजी संवाद घालून, आणि ते चाललं. हवेलीच्या जागी मॅन्शन आलं, घराण्याच्या जागी माफिया किंवा माणसाचा लांडगा होणाऱ्यांचा कळप, पण गुडघे टेकणं तेच.

चीनच्या सरकारलाही हे प्रकरण जड गेलं. नोव्हेंबर 2022 पासूनच्या काही महिन्यांच्या मोहिमेत तिथल्या प्रसारण प्रशासनाने पंचवीस हजारांवर लघुमालिका काढून टाकायला लावल्या. मग नोव्हेंबर 2024 मध्ये खास या दांडगट अध्यक्षांच्या मालिकांबद्दल सूचना निघाली : संख्या कमी करा, शीर्षकात 'दांडगट अध्यक्ष' असं मिरवू नका, श्रीमंतीचं आणि सत्तेचं अवास्तव कौतुक थांबवा. सरकारी सूचनेने माणसांची भूक कितपत बदलते हा वेगळा विषय, पण निदान कुणाला तरी त्या श्रीमंतीची शिसारी आली.

शिसारीपेक्षा मला हसू जास्त येतं. या मालिका लिहिणाऱ्यांना श्रीमंत लोक दिवसभर काय करतात याचा पत्ता नाही. कुणी काम करताना दिसत नाही. "तीन मिनिटांत त्यांची कंपनी दिवाळखोरीत काढा" असा फोन जातो आणि तिसऱ्या मिनिटाला समोरच्याचा फोन वाजतो की शेअर कोसळले, बँकांनी हात वर केले, भागीदार पळाले. कर्ज, लेखापरीक्षण, कोर्टाच्या तारखा, काही नाही. करार नेहमी एका पानाचा. काळं क्रेडिट कार्ड दाखवलं की दुकानदार घामाघूम. आणि बंगल्याचा तोच गोल जिना मी किमान पाच वेगवेगळ्या घराण्यांच्या मालकीचा बघितलाय. आठवड्या-दहा दिवसांत अख्खी मालिका चित्रित होते म्हटल्यावर जिना तरी कुठून नवा आणणार. पण बारकाईने बघितलं तर या श्रीमंतीत एक हिशेब आहे : ही श्रीमंती बाहेर उभं राहून बघणाऱ्याची आहे. त्याला दिसतं तेवढंच यात आहे, म्हणजे गाड्यांची रांग, दारावरचा रक्षक, आणि आपल्याला आत न सोडणारी विक्रेती.

मला खरा राग येतो तो वेटरचा. म्हणजे वेटरवर नाही, त्याच्या वतीने. अपमानाच्या प्रत्येक प्रसंगात मागे एक वेटर ट्रे घेऊन उभा असतो. त्याला अधूनमधून कुणीतरी ढकलतं, त्याच्या ट्रेतला ग्लास उचलून कुणाच्या तरी डोक्यावर रिकामा होतो. सत्ता फिरल्यावरही तो तिथेच उभा. नायिकेला ज्या शब्दांसाठी पन्नास भाग न्याय मिळत नव्हता, तेच शब्द त्या वेटरला वापरले तर चालतात, कारण तो गुपचूप अब्जाधीश नाही. "गरीब समजून माझा अपमान केला" ही नायिकेची तक्रार असते. तिची हरकत "समजून"वर आहे. खरोखर गरीब असती तर? या प्रश्नाला एकही मालिका हात लावत नाही. खुर्चीवरचा माणूस बदलतो, खुर्ची तेवढीच उंच राहते.

बायकांच्या बाबतीतही असंच. नवऱ्याने पस्तीस-चाळीस भाग तिला बहिणीसमोर, आईसमोर, ऑफिससमोर तुडवायचं आणि मग पावसात उभं राहून पश्चात्ताप करायचा, हा एक स्वतंत्र उपप्रकारच आहे. लोकप्रियही खूप. त्यात शेवटी ती परत जाते की नाही यावर मी मालिका ठरवते. परत न जाणाऱ्या थोड्या आहेत, पण आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या भागांत अचानक लेखन सुधारलेलं जाणवतं. परत जाणाऱ्या मालिकांत शेवट नेहमी जुळ्या मुलांवर. थोबाडीत मारणं, कोंडून ठेवणं, जबरदस्तीचं लग्न हे सगळं "प्रेम होतं म्हणून" या नावाखाली खपवलं जातं. किशोरवयीन मुलं घरात असतील तर हे अ‍ॅप त्यांच्या हाती देण्याआधी दोन मालिका स्वतः बघा.

आता अ‍ॅप म्हणून अनुभव. कुणाचं नाव घेत नाही, मी वापरलेल्यांत फरक रंगाचाच होता. कॉइन, बोनस कॉइन, रोज हजेरी लावल्याचे कॉइन, जाहिरात बघितल्याचे कॉइन. त्यात एका भागाचे खरे पैसे किती पडले हे कळू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली. पहिलं कुलूप उघडण्याआधी एकूण भाग गुणिले दर हा गुणाकार एकदा करा. बहुतेक वेळा अख्ख्या सिनेमाच्या तिकिटापेक्षा जास्त निघतो. जाहिराती बघून फुकट पुढे जाता येतं, पण दिवसाची मर्यादा असते, आणि ती मर्यादाही बरोबर अपमानाच्या मधोमध संपते. साप्ताहिक पास स्वस्त वाटतो आणि आपोआप नवा होत राहतो. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे पास बंद होत नाही. फोनच्या स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन तो रद्द करावा लागतो. एका अ‍ॅपच्या मदत विभागाला मी दोनदा वसूल झालेल्या पैशांबद्दल लिहिलं तर उत्तरात नव्या मालिकेची शिफारस आली.

डबिंग यंत्राने केलेलं असावं असा दाट संशय येतो. आजोबा आणि नातू एकाच आवाजात भांडतात, सासू मधेच पुल्लिंगी क्रियापद वापरते, आणि एका मालिकेत नायकाचं नाव विसाव्या भागापासून बदललं ते शेवटपर्यंत तसंच. सबटायटल लावून मूळ आवाजात बघितलं तर निम्मा त्रास वाचतो, शिवाय ओरडण्याची खरी पट्टी कळते. एकच मालिका वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या अ‍ॅपवर असते, तेव्हा पैसे भरण्याआधी पहिला भाग दोन्हीकडे बघून घ्यावा. नोटिफिकेशन बंद करणं सर्वात आधी. "तिने तुझ्यासमोर गुडघे टेकले, तरी तू गप्प?" अशी ओळ मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलेल्या फोनवर उजळली की समजावून सांगणं कठीण जातं.

चांगलं काय? वेळ कमी असेल तर एवढ्या झटक्यात गोष्टीत ओढणारं दुसरं काही मी बघितलेलं नाही. पहिल्या भागाच्या पहिल्या तीन सेकंदांत कोण कुणाच्या वरचढ आहे हे न सांगता कळतं, आणि ते कसब आहे. पटकथा लिहू बघणाऱ्यांनी आवाज बंद करून दहा भाग बघावेत. खलनायिकांचं काम करणाऱ्या बायका नायिकांपेक्षा सरस असतात, त्यांच्यासाठी तर जरूर.

सध्या एकच अ‍ॅप ठेवलंय, पास रद्द करून. फुकटचे भाग बघते, कुलूप आलं की पुढची मालिका लावते. सूडाशिवाय काही बिघडत नाही, तो कसा असणार हे आता पाठ झालंय. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी झाडूवाल्याच्या वेषातल्या अध्यक्षापासून करावी, घरजावई त्यानंतर, आणि पावसात उभ्या पश्चात्तापी नवऱ्यांना फास्ट फॉरवर्ड.